दुरून नावाने घातलेली हाक

अवंतिका, उज्जयिनी, विशाला, कुमुद्वती, कनकशृंगा अशी आपल्या नगरीची कितीतरी नावे पुराणांत आढळतात. नावे अनेक, स्थान मात्र एकच. संगणकांच्या जगात याच्या उलट घडते. तेथे वस्तूचे नाव कायम राहते आणि पत्ता बदलत राहतो. हा विषय वरकरणी अभियंत्यांचा वाटेल. परंतु घराला लागूनच दवाखाना असणाऱ्या आपल्यापैकी अनेकांशी त्याचा निकटचा संबंध आहे, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने तो मांडत आहे.

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे लसींचा फ्रीज. आतील तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. माळव्यातील मे महिन्यात वीज गेली की ते वर सरकू लागते. उलटपक्षी, पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्या तर निकामी होतात. अशी लस टोचली जाते, कार्डावर नोंद होते, आई-वडील निश्चिंत होतात. बाळाला संरक्षण मात्र मिळत नाही. म्हणून मी फ्रीजमध्ये वायफायवर चालणारा तापमापक ठेवला आहे. घरात असताना मोबाईलवर आकडा दिसतो. प्रश्न उद्भवतो तो परिषदेसाठी परगावी गेल्यावर.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे राउटरचे एक दार बाहेरच्या जगाला उघडून देणे. कॅमेरे बसवणारे कारागीर पुष्कळदा हेच करतात, आणि धोका तेथेच आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातूनच आलेले पासवर्ड वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २०२५च्या फेब्रुवारीत राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील तपासणीची कॅमेऱ्यातील चित्रणे चोरून विकली गेल्याचे उघडकीस आले. वैद्यकाच्या दृष्टीने याहून मोठा विश्वासघात कोणता? तपासणीच्या खोलीत कॅमेरा नसावाच. अन्यत्र असलेली उपकरणेही उघड्या दारावर ठेवू नयेत.

व्हीपीएन म्हणजे मोबाईलपासून घरापर्यंत खणलेला खासगी बोगदा. आतील मजकूर कूटबद्ध असतो आणि ज्याच्याजवळ किल्ली आहे तोच आत येतो. २०२० साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली ‘वायरगार्ड’ ही पद्धत सुटसुटीत आहे व आता काही घरगुती राउटरांतही मिळते.

बोगदा झाला तरी एक अडचण उरते. राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला तात्पुरता पत्ता देतो. वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. म्हणजे ज्या क्षणी तापमान पाहणे अगत्याचे, नेमका त्याच क्षणी पाठ केलेला पत्ता चुकीचा ठरू शकतो. पत्त्याऐवजी नावाने हाक मारावी, तर घरात चालणारे ‘डॉट लोकल’ने संपणारे नाव बाहेरून चालत नाही. कारण ही हाक वाड्याच्या चौकात उभे राहून ‘फ्रीज कोण रे?’ असे ओरडण्यासारखी असते. ती वाड्याच्या भिंतीपलीकडे जात नाही. बोगद्यातून पत्ता लिहिलेले पत्र जाते. आरोळी जात नाही.

येथे वाड्याला कारभारी हवा. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. तिचेच छोटे रूप घरच्या राउटरवर चालवता येते. तापमापकाला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून द्यावा, त्याचे नाव तेथे नोंदवावे आणि मोबाईलच्या व्हीपीएनमध्ये ‘नावे घरच्या कारभाऱ्याला विचार’ अशी सूचना लिहावी. अशा नावांच्या शेवटी लावण्यासाठी ‘होम डॉट आर्पा’ हा प्रत्यय २०१८ साली घरगुती जाळ्यांकरिता राखून ठेवण्यात आला.

मित्रहो, काही व्यावहारिक सूचना. पुष्कळ राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतात. हॉटेलातही तेच असतील तर मोबाईलचा गोंधळ उडतो. घरचे आकडे थोडे वेगळे ठेवावेत. इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देत असेल तर बाहेरून घर गाठता येत नाही. अशा वेळी स्वतंत्र स्थिर पत्ता मागावा, किंवा दोन्ही टोकांची भेट घालून देणारी सेवा घ्यावी. राउटर व तापमापक बॅटरीवर असावेत. प्रत्येक मोबाईलला वेगळी किल्ली द्यावी, म्हणजे एक हरवला तर तेवढीच रद्द करता येते. आणि प्रवासाला निघण्यापूर्वी राउटर एकदा बंद-चालू करून, वायफाय सोडून मोबाईलच्या डेटावरून हाक मारून पाहावी.

तथापि, दुरून पाहिलेला आकडा लस वाचवीत नाही. आइसपॅक किंचित वितळू देऊन ते शीतपेटीत रचणारे व लसी तेथे हलवणारे हात घरीच लागतात. २०२८च्या सिंहस्थात रस्ते गर्दीने भरतील, शहरात असूनही दवाखान्यापर्यंत पोहोचणे कठीण होईल. त्यापूर्वी आपल्या सहायकांना हे शिकवून ठेवणे हा या व्यवस्थेचाच अर्धा भाग आहे. फ्रीजने उत्तर दिले, तरी पुढची हाक माणसालाच घालावयाची असते.