त्रिनिदादची पेये : कल्पना ओळखीच्या, द्रव्ये वेगळी

कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज भारतातील करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी घेऊन पोहोचले. ही वाहतूक १९१७ पर्यंत चालली. आज तेथील एक तृतीयांशाहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत. त्यामुळे तेथील औषधी पेयांचे मूळही आयुर्वेदातच असणार, असे आपल्यापैकी अनेकजण सहज बोलून जातात. वस्तुस्थिती वेगळी आहे. तेथील दोन प्रमुख पेयांपैकी एकाची वनस्पती आफ्रिकेशी, तर दुसऱ्याची कॅरिबियन बेटांशी निगडित आहे. ओळखीची वाटते ती कल्पना. द्रव्य मात्र तपासूनच घ्यावे लागते.

नाताळच्या सुमारास तेथे घरोघरी 'सॉरेल' नावाचे लालभडक पेय होते. इंग्रजीत सॉरेल म्हणजे चुक्याच्या जातीची भाजी. पण त्रिनिदादचे सॉरेल म्हणजे आपली लाल अंबाडी, हिबिस्कस सॅब्डरिफा. तिच्या बोंडाभोवतीची मांसल लाल निदले उकळत्या पाण्यात टाकतात, सोबत दालचिनी, लवंग, आले घालतात, रात्रभर झाकून ठेवतात आणि सकाळी गाळून साखर मिसळतात. उष्ण जलाचा संयोग पाहता हा फांट, रात्रभराची स्थिती पाहता हिमाची छाया. सेनेगलमध्ये हेच पेय 'बिसाप' नावाने पितात. विदर्भातील वाचकांना तर अंबाडीच्या फुलांचे सरबत नवे नाही.

औषधालयाच्या मालकांनी येथे थोडे थांबावे. 'हिबिस्कस टी' या नावाने मिळणाऱ्या सुक्या मालाच्या वेष्टनावर अनेकदा केवळ प्रजातीचे नाव असते, आणि त्या एका नावाखाली लाल अंबाडी, तागासारख्या धाग्याची अंबाडी (हिबिस्कस कॅनाबिनस) व जास्वंद (हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस) ही तिन्ही येतात. जास्वंदाच्या पातळ पाकळ्या आणि लाल अंबाडीची जाड, आंबट निदले यांतील फरक जिभेवर ठेवताच कळतो. पुरवठादाराकडून पूर्ण वानस्पतिक नाव व वापरलेले अंग लेखी घेतल्याखेरीज माल स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा आग्रह केवळ शास्त्रशुद्धतेसाठी नाही. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाब किंचित वाढलेल्या ६५ प्रौढांपैकी एका गटास सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा फांट दिला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ मिलिमीटरने उतरला. दुसऱ्या गटात ही घट १.३ होती. जे पेय रक्तदाब उतरवते, ते रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यास 'निरुपद्रवी सरबत' म्हणून देता येत नाही. असा रुग्ण रोज हे पेय घेत असेल तर रक्तदाब मोजत राहावा.

दुसरे पेय 'मॉबी'. कोलुब्रिना नावाच्या झाडाची साल दालचिनी, लवंग व चक्रीफुलासह उकळून गडद काढा करतात. मग पुष्कळ पाणी व साखर घालून, वरून खाली ओतून फेस आणतात. हा सरळ क्वाथ. झाड बोरीच्या कुळातील, आणि फेस रिठ्याप्रमाणे सॅपोनिनमुळे येतो. प्रथम मधुर, मग जिभेवर रेंगाळणारा तिक्त रस. नवख्यास पहिल्या दिवशी पोट ढिले होण्याचा अनुभव येतो. तेथील वैद्यकीय नियतकालिकात २००५ मध्ये मॉबी आणि शहाळ्याचे पाणी यांचा रक्तदाबावरील परिणाम तपासणारा अभ्यास आला. पण रुग्ण अवघे २८ आणि काळ दोन आठवड्यांचा. एवढ्यावर चिकित्सा ठरत नाही.

अंगोस्तुरा बिटर्सचा उल्लेख टाळता येणार नाही. योहान सीगर्ट या जर्मन सैन्यवैद्याने १८२४ मध्ये व्हेनेझुएलात हे तिक्त औषध पोटाच्या तक्रारींसाठी सिद्ध केले. पुढे त्याच्या वारसांनी उद्योग पोर्ट ऑफ स्पेनला हलविला. आज ते लिंबू सरबतात थेंबाथेंबाने घालतात. आपल्या आसवारिष्टांत मद्य संधानाने आपोआप निर्माण होते. येथे मद्यातच द्रव्ये भिजवतात आणि मद्याचे प्रमाण ४४.७ टक्के असते. म्हणून त्यास 'तिकडचे अरिष्ट' म्हणणे ऐकायला गोड असले तरी चूक आहे.

समुद्रशेवाळाचे दूध घातलेले पेय तेथे बल्य मानतात. त्यात आयोडीन असते. अवटु ग्रंथीचा विकार असणाऱ्यास ते विचारूनच द्यावे.

शेवटी साखरेविषयी. सॉरेल असो वा मॉबी, आंबटपणा आणि कडूपणा झाकण्यासाठी साखर सढळ हाताने पडते, आणि मधुमेह हा त्या बेटावरील मोठा प्रश्न आहे. परदेशी गेलेल्या नातलगाने आणलेली बाटली रुग्ण दाखवील तेव्हा आधी तिच्यातील साखर वाचावी, गुणधर्माची चर्चा नंतर करावी.