विळा कधी चालवावा?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरला जाताना भाद्रपदात रस्त्याच्या कडेकडे नीट पाहा. तरवडाची पिवळीधमक फुले दिसतील. त्याच्या पायथ्याशी टाकळा आणि निळ्या फुलांचा केना असेल. या साऱ्यांना ‘तण’ म्हणून आपण मोकळे होतो. पण आपल्या शेताशी त्यांचे नाते आहे.

तरवडाच्या फुलात मध नसतो, असतात ते केवळ परागकण. तेही परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांत कोंडलेले! मोठा काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते बाहेर उडतात. हाच भुंगा पुढे तुरीच्या फुलांवरही येतो. तूर स्वपरागणाने शेंगा धरू शकते. भोपळ्याच्या वेलाला मात्र कीटकांवाचून फळ धरत नाही. शेतात फुले नसतात, तेव्हा या कीटकांनी खावे काय? ती सोय रस्त्याची कड आणि पायवाट करते.

मग तेथील गवत कापूच नये का? कापावे. वळणावर समोरची गाडी दिसली पाहिजे, पायवाटेवर साप दिसला पाहिजे. प्रश्न आहे तो वेळेचा.

तरवड छाटला तरी बुडातून पुन्हा फुटतो. केना तर फारच हुशार! त्याची काही फुले जमिनीखाली, न उमलताच बी धरतात. टाकळ्याचे तसे नाही. तो एका हंगामाचा पाहुणा. त्याची सारी भिस्त बियांवर. फुलावर असतानाच दरवर्षी कापला, तर जमिनीतील बियांचा साठा संपत जातो. उघड्या पडलेल्या जागेत गाजरगवत शिरते. हे परदेशी तण भारतात प्रथम पुण्याजवळ 1955 साली नजरेस आले. त्याचे एक झाड हजारो बिया टाकते.

तुम्ही एवढे करा. शिक्षकांना बरोबर घेऊन, वाहनांपासून दूर असलेल्या पायवाटेचा पन्नास पावलांचा तुकडा निवडा. दर पंधरवड्याला कोणते झाड फुलले, त्यावर कोणता कीटक आला, ते वहीत लिहा. गाजरगवत फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटा. मात्र हातमोजे घाला, कारण त्याने अंगाला खाज सुटते. टाकळ्याच्या शेंगा वाळून तडकल्या, की वही ग्रामपंचायतीत नेऊन दाखवा आणि सांगा, “आता खुशाल कापा!”