‘आलो’ म्हणजे नेमके कधी?

जेवायला हाक मारली की आतल्या खोलीतून उत्तर येते, ‘आलो!’ माणूस अजून जागचा हललेला नसतो, क्रियापद मात्र भूतकाळाचे. येणे नक्की, म्हणून ‘येईन’ऐवजी आपण ‘आलो’ म्हणतो.

कुरआनचा मराठी तर्जुमा वाचताना मुले अशाच ठिकाणी अडतात. सूरह नहलच्या पहिल्याच आयतीत अल्लाहचा हुकूम ‘आला’ आहे. लगेच त्याची घाई करू नका, अशी ताकीदही आहे. सूरह जुमरच्या ६८व्या आयतीत सूर फुंकला जाण्याचा प्रसंग भूतकाळात येतो. मग कयामत होऊन गेली का?

अरबीत काळ दाखवणारी मुख्य रूपे दोन. ‘माज़ी’ म्हणजे झालेले. ‘मुज़ारे’ म्हणजे चालू किंवा पुढे होणारे. फक्त भविष्यच सांगायचे तर मुज़ारेआधी ‘स’ किंवा ‘सौफ’ लावतात. तरीही इथे माज़ी आहे, कारण ती घटना झाल्याइतकीच निश्चित आहे, असे मुफस्सिर सांगतात.

मुलांनी असा प्रश्न विचारला तर त्यांना गप्प बसवू नये. घरातल्या ‘आलो’चेच उदाहरण द्यावे. फरक एवढाच, की आपला ‘आलो’ पुष्कळदा खोटा ठरतो. अल्लाहचा वायदा कधीच खोटा ठरत नाही.