शहरी वाहतुकीतील प्लग-इन हायब्रिड मोटारींची इंधन कार्यक्षमता : एक विवेचन

प्रस्तावना :
शहरात मोटारीला वारंवार थांबावे लागते. मंद गतीमुळे इंजिनावरील भार अल्प राहून त्याची कार्यक्षमता घटते, तर ब्रेक लावताना गतिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. यावरील उपाय म्हणून प्लग-इन हायब्रिड मोटारीकडे पाहिले जाते. तिची इंधनबचत नेमकी कशावर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

कार्यपद्धती :
या मोटारीत इंजिन, विद्युत मोटर आणि बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी असते. ब्रेक लावताना मोटर जनित्राप्रमाणे कार्य करून ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत साठविते. बॅटरीतील साठा संपल्यावर मात्र ही मोटार साध्या हायब्रिडप्रमाणे पेट्रोलवर चालते आणि मोठ्या बॅटरीचे वजनही तिला वाहावे लागते.

उदाहरण :
अमेरिकेतील २०११ सालच्या शेव्हरले व्होल्टचा अधिकृत विद्युत पल्ला ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ कि.मी. होता. त्यानंतर ती एका लिटरमध्ये सुमारे १५.७ कि.मी. चालत असे. यावरून, रोज ७० कि.मी. प्रवास करणाऱ्या व्यक्तीने बॅटरी पूर्ण चार्ज केल्यास सुमारे ०.९ लिटर पेट्रोल लागेल; मुळीच चार्ज न केल्यास सुमारे ४.५ लिटर लागेल. पहिल्या स्थितीत लिटरमागे सुमारे ७८ कि.मी. हा आकडा येतो; परंतु त्यात खर्च झालेली वीज धरलेली नसते.

प्रत्यक्ष वापर :
युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये मोटारींतील नोंदणी उपकरणांची माहिती प्रसिद्ध केली. २०२१ साली नोंदणी झालेल्या प्लग-इन हायब्रिड मोटारींचे कार्बन डायऑक्साइडचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी ३.५ पट आढळले. गृहीत धरल्याइतक्या वेळा चार्जिंग व विजेवर प्रवास होत नाही, हे त्याचे प्रमुख कारण होय. आंतरराष्ट्रीय स्वच्छ परिवहन परिषदेच्या २०२२ च्या युरोपविषयक अभ्यासात खाजगी मोटारींच्या विजेवरील प्रवासाचे प्रमाण ४५ ते ४९ टक्के, तर कंपन्यांच्या मोटारींत केवळ ११ ते १५ टक्के दिसून आले.

निष्कर्ष :
शहरातील दैनंदिन प्रवास विद्युत पल्ल्याच्या आत असेल आणि चार्जिंग नियमित होत असेल, तरच या मोटारीपासून पेट्रोलची मोठी बचत होते. म्हणून केवळ खरेदीवर सवलत देणे पुरेसे नाही. घराजवळ व कार्यालयात चार्जिंगची सोय उपलब्ध करणे तितकेच महत्त्वाचे ठरते.