सिंधू, बेथ आणि आमची मावशी

यंदा मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी आम्ही ‘एकच प्याला’तल्या काही प्रवेशांचं अभिवाचन बसवत होतो. तालीम एका मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये, सोबत चहा-चिवडा. प्रॉम्प्टिंगला इथेच वाढलेली, विद्यापीठात शिकणारी एक मुलगी होती. शेवटचा प्रवेश वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “मावशी, सिंधू पोलिसांना खरं का नाही सांगत?”

भारतात शिक्षिका असताना मी याचं उत्तर ‘पतिव्रता’ या एका शब्दात लिहून देत असे. त्या दिवशी मात्र तो शब्द तोंडातून निघेना.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व सिंधू झाले. वकील सुधाकर अपमानाच्या तिरमिरीत पहिला प्याला घेतो आणि घर बुडतं. सिंधू माहेरची मदत नाकारून दळणं दळते. अखेर त्याच्याच काठीनं बाळ जातं, तीही मरणाच्या दारात पोचते. तरी त्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते.

त्या मुलीनं मला १९९४ सालचा ‘वन्स वेअर वॉरियर्स’ पाहायला सांगितला. अ‍ॅलन डफ यांच्या कादंबरीवरचा, ली तामाहोरी यांचा हा चित्रपट आपल्या ऑकलंडमध्येच घडतो. जेक दारू पिऊन बायकोला, बेथला, मारतो. त्याच्याच मित्राच्या अत्याचारानंतर मुलगी ग्रेस जीव देते. तिची डायरी वाचून बेथ जेकसमोर उभी राहते. जेक मित्राला बेदम मारून सूड उगवतो. पण बेथ त्याच्याकडे परत येत नाही. मुलांना घेऊन आपल्या माणसांकडे निघते. सूड घेतला म्हणून घर सावरत नाही, हे तिला कळलेलं असतं. ‘ही माओरी वस्तीतली गोष्ट’ म्हणून आपण सुटू शकत नाही. सुधाकर तर आपलाच, शिकलासवरलेला!

आणि मला आमची मावशी आठवली. मी दहा वर्षांची असताना तिचा हात मोडला. दवाखान्यात ती म्हणाली, “जिन्यावरून पडले.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं माझा हात दाबला, आणि मीही मान डोलावली. मावशीचं घर तळमजल्यावर होतं.

ती मान डोलावल्याचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

वर्षभरानं मामा जाऊन तिला घेऊन आला. घर रिकामं झाल्यावर काका पुण्याच्या मुक्तांगणमध्ये दाखल व्हायला तयार झाले. गर्दच्या विळख्यातल्या तरुणांवर अनिल अवचटांनी लिहिलं होतं, त्यातूनच, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, त्यांनी आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली हे केंद्र उभं केलं. व्यसन हा आजार आहे आणि त्यात घरच्यांनाही आधार लागतो, ही तिथली धारणा. काका एकदा घसरले, पुन्हा गेले. मावशी बऱ्याच उशिरा परतली, तीही स्वतःच्या अटींवर. काकांनी तिची माफी मागितली. तिनं माफ केलं की नाही, हे तिलाच ठाऊक.

सुधाकरानंही दारू सोडली होती. पण नोकरी मागायला गेल्यावर हेटाळणी वाट्याला आली आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळला. काकांना दुसऱ्यांदा दार उघडं मिळालं. फरक पडला तो एवढाच.

परदेशात झाकणं अधिक सोपं. मामा दूर, शेजारी अनोळखी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फराळाचे फोटो. म्हणून सांगते, इथे ०८०० ७८७ ७९७ ही दारू आणि ड्रग्जसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. घरच्यांनीही फोन करावा. जीवाला धोका असेल तर थेट १११.

पुढच्या तालमीला मी त्या मुलीला उत्तर दिलं, “सिंधूला कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही गं.”

दिवाळीत कुणी म्हणालं ‘जिन्यावरून पडले’, तर आपण दुसऱ्यांदा विचारूया.