छोटं रिव्हॉल्व्हर, मोठी गोळी

टेक्सासमधल्या आपल्या काही घरांत आता रिव्हॉल्व्हर आहे. खिशात मावणारं हवं, तर ‘चार्टर आर्म्स’चं बुलडॉग असतं, 1973 पासूनचं: पाच गोळ्यांचं, वजन जेमतेम साडेपाचशे ग्रॅम; गोळी मात्र पॉइंट फोर्टीफोर, म्हणजे जवळपास 11 मिलिमीटर जाड! हत्यार हलकं, तेवढा धक्का जास्त. बार उडताच नळी वर उसळते, तळहात झिणझिणतो. रेंजवर दहा-पंधरा गोळ्यांत हौस फिटते आणि सराव सुटतो.

खरी काळजी घरातली. याला वेगळी सेफ्टी नसते. चाप ओढला की गोळी सुटते, आणि दहा वर्षांच्या पोरालाही दोन्ही हातांनी तो ओढता येतो. निष्काळजीपणामुळे 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागलं, तर टेक्सासात तो मोठ्यांचा गुन्हा. फराळाला चार घरची मुलं येणार असतील, तर आधी गोळ्या काढा, रिव्हॉल्व्हर तिजोरीत ठेवा आणि किल्ली आपल्या खिशात.