सुपरहिरोंच्या सावलीत नवी गोष्ट

ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी एका मुलाखतीत मार्व्हलच्या चित्रपटांची तुलना करमणूक-उद्यानांशी केली आणि हा सिनेमाच नव्हे, असे मत नोंदवले. 'गॉडफादर'चे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी पाठोपाठ त्याहून कठोर शब्दांत त्यांना दुजोरा दिला. त्याच वर्षी 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'ने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलरची कमाई केली होती. साहजिकच चाहत्यांना ही जुन्या पिढीची कुरकुर वाटली. वाद गाजला, मात्र त्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूलाच पडला. सुपरहिरोपट चांगले की वाईट, हा ज्याच्या-त्याच्या रुचीचा भाग झाला. त्यांच्यामुळे नव्या, स्वतंत्र कल्पनेवरील चित्रपटांची वाट अरुंद झाली का, हे मात्र हॉलिवूडच्या गेल्या दोन दशकांच्या व्यवहारावरून तपासता येते.

जुगारातून उभे राहिलेले साम्राज्य

सुपरहिरो पडद्याला नवे नाहीत. १९७८चा 'सुपरमॅन' आणि १९८९चा 'बॅटमॅन' यांना मोठे यश मिळाले होते. २००२ मध्ये सॅम रेमी यांच्या 'स्पायडरमॅन'ने पहिल्या तीन दिवसांतच दहा कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. तोवर कोणत्याही चित्रपटाला हे जमले नव्हते. तरीही खरे वळण आले ते २००८च्या 'आयर्न मॅन'ने.

तोपर्यंत मार्व्हल ही आपल्या चित्रकथांमधील पात्रांचे हक्क इतरांना देणारी कंपनी होती. स्वतः निर्मितीत उतरण्यासाठी २००५ मध्ये तिने मेरिल लिंच या वित्तसंस्थेमार्फत ५२.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सोय केली आणि तारण म्हणून चक्क आपल्या पात्रांचे चित्रपट-हक्क ठेवले. नायक फारसा परिचित नाही, मुख्य अभिनेता रॉबर्ट डाउनी ज्युनियर याची कारकीर्द डळमळीत, असा हा जुगार होता. तो यशस्वी झाला. श्रेयनामावली संपल्यानंतरच्या एका छोट्या प्रसंगाने पुढील चित्रपटांची चाहूलही दिली. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरला मार्व्हल विकत घेण्याचा करार केला. 'एंडगेम' हा या मालिकेतील बाविसावा चित्रपट ठरला.

आधी तारीख, मग पटकथा

या यशातून जी पद्धत रूढ झाली, तिच्यात चिंतेचे कारण दडलेले आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये मार्व्हल आणि वॉर्नर ब्रदर्स या दोघांनीही पुढील अनेक वर्षांच्या चित्रपटांच्या तारखा जाहीर करून टाकल्या. प्रदर्शनाचा दिवस आधी ठरणार आणि पटकथा व दिग्दर्शक नंतर मिळणार, असा हा उलटा क्रम. प्रत्येक कथेला मागच्या कथेशी जुळवून घ्यावे लागते आणि पुढच्या कथेसाठी जागाही सोडावी लागते. कित्येकदा साहसदृश्यांचे आराखडे दिग्दर्शक कामाला लागण्याआधीच संगणकावर तयार होऊ लागतात. 'अँट मॅन'वर कित्येक वर्षे काम केलेले एडगर राईट २०१४ मध्ये चित्रीकरणाआधीच बाहेर पडले. चित्रपट मात्र दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हाती जाऊन २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये लिहिलेल्या सविस्तर लेखात स्कॉर्सेसी यांचा रोख नेमका येथेच होता. पाहणी करून, चाचण्या घेऊन निर्धोक केलेल्या चित्रपटात कलावंताचा धोका उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मधली फळी कुठे गेली?

तथापि सारा दोष सुपरहिरोंच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. १९९०च्या दशकात हॉलिवूडचा कणा होता तो मध्यम खर्चाचा चित्रपट. ढोबळ मानाने दोन ते सहा कोटी डॉलरमध्ये बनणारे कौटुंबिक नाट्य, न्यायालयीन संघर्ष, प्रेमकथा. 'अ फ्यू गुड मेन' (१९९२) किंवा 'जेरी मॅग्वायर' (१९९६) हे त्याच घडणीचे. असा चित्रपट चित्रपटगृहात बेताचा चालला, तरी डीव्हीडीच्या विक्रीतून तोटा भरून निघे. २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ही विक्री घसरू लागली आणि तो आधार गेला. जाहिरातीचा खर्च वाढतच होता. शिवाय परदेशी बाजारपेठांचा वाटा मोठा झाला. शाब्दिक विनोद भाषांतरात हरवतो, पण कोसळणाऱ्या इमारतीला भाषांतर लागत नाही. अशा वेळी मोजक्याच, पण प्रचंड चित्रपटांवर पैसा लावणे स्टुडिओंना शहाणपणाचे वाटले. मध्यम चित्रपटाची जागा रिकामी होत असताना सुपरहिरो तिथे वारसदार म्हणून आला.

नव्या गोष्टी त्यामुळे संपल्या नाहीत, त्यांचे घर बदलले. 'द आयरिशमन'साठी स्कॉर्सेसी यांनाही अखेर नेटफ्लिक्सकडे जावे लागले. जॉर्डन पील यांचा 'गेट आऊट' (२०१७) अवघ्या ४५ लाख डॉलरमध्ये बनला आणि त्याने २५ कोटींहून अधिक कमावले. म्हणजे मौलिक कल्पनेला अगदी लहान खर्चात किंवा घरच्या पडद्यावर वाव आहे. आकसली ती मोठ्या पडद्यावरची मधली जागा.

नाण्याची दुसरी बाजू

याच प्रकाराने काहींना स्वातंत्र्यही मिळवून दिले. 'द डार्क नाइट'च्या यशानंतर ख्रिस्तोफर नोलन स्वतःच्या कल्पनेवरील 'इन्सेप्शन' (२०१०) भव्य प्रमाणावर करू शकले. 'ब्लॅक पँथर'चे रायन कूगलर यांनी २०२५ मध्ये 'सिनर्स' ही पूर्णतः नवी कथा आणली आणि पंचवीस वर्षांनी तिचे हक्क आपल्याकडे परत येतील, असा करारही मिळवला. 'स्पायडरमॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स'ने (२०१८) अ‍ॅनिमेशनची दृश्यभाषाच बदलली. आपल्याकडे बेसिल जोसेफ यांच्या 'मिन्नल मुरली' (२०२१) या मल्याळम चित्रपटात वीज अंगावर पडून शक्ती लाभते ती गावातल्या शिंप्याला, आणि गोष्ट अस्सल त्या मातीचीच राहते. प्रकार मौलिकतेचा शत्रू नाही, याला आणखी पुरावा नको. मात्र नोलन वा कूगलर यांच्यासारखी संधी थोड्यांनाच मिळते, हेही विसरता येत नाही.

मुखवटा बदलला, तरी...

२०२३ मध्ये प्रेक्षकांचा कंटाळा उघड झाला. 'द मार्व्हल्स' आणि 'द फ्लॅश' आपटले, तर अणुशास्त्रज्ञाच्या जीवनावरील तीन तासांच्या 'ओपनहायमर'ने ९५ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. डिस्नेने मार्व्हलच्या चित्रपटांची संख्या वर्षाला दोन, फार तर तीनवर आणण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने १३० कोटींचा आकडा पार केल्याने हे युग संपले, असेही म्हणता येत नाही. 'बार्बी' आणि 'सुपर मारिओ'च्या यशानंतर बाहुल्या व व्हिडीओ गेमही त्याच साच्यासाठी हाताशी आहेत. केप गेली, तरी ओळखीच्या नावावरच पैसा लावण्याची सवय सुटेल, याची खात्री नाही.

या सवयीचे नुकसान आकड्यांत दिसत नाही, कारण न बनलेल्या चित्रपटाचा गल्ला कुणी मोजत नाही. प्रेक्षकाने न पाहिलेली गोष्ट त्याला चुकल्यासारखीही वाटत नाही. अनोळखी नायकावर स्वतःची पात्रे गहाण टाकणाऱ्या कंपनीने हे साम्राज्य उभे केले. आज तसाच डाव कुणी नवखा दिग्दर्शक अनोळखी गोष्ट घेऊन मांडू पाहत असेल, तर त्याला कर्ज देणारे कुणी आहे का, यावर पुढच्या वीस वर्षांचा सिनेमा ठरेल.